परवा शैलाची दाढ

"काय गं शैला, सकाळपासून गालाला हात लावून फिरतीयेस. भांडलात की काय?"

"भांडायला तोंड उघडायला नको का, काकू! दाढ. खालची, डावीकडची. रात्रभर पार कानापर्यंत ठणका. काल डॉक्टरांकडे जाऊन आले, एक्स-रे काढला. म्हणाले, हिच्यात आता काही राहिलेलं नाही, काढूनच टाकू. परवाची वेळ दिलीय."

"रूट कॅनलचं विचारलंस?"

"विचारलं ना. मुळापर्यंत चिरलीय म्हणे. वर नुसतं टरफल उरलंय, कॅप बसवायची तरी कशावर?"

"मग ठीक आहे. नाहीतर वाचण्यासारखी दाढ उगीच घालवू नये. आमच्या सासूबाईंच्या वेळी दुखला की उपटा, एवढा एकच इलाज. पन्नाशीत बोळकं झालं होतं बिचारीचं. थांब, जास्वंदीचं पाणी बंद करून येते."

(आमच्या कॉलनीत कुंपण म्हणजे कमरेएवढी भिंत. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मुद्दाम ऐकत नव्हते, पण काकूंचा आवाज ऐकू येऊ नये असं वाटलं तर दार लावून पंखा पाचवर ठेवावा लागतो. मी दार उघडंच ठेवलं.)

"हं, बोल. लवंगेचं तेल लावलंस?"

"लावलं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं."

"तेवढ्यापुरतंच ते. आणि जपून लाव, हिरडी भाजते. मागच्या गल्लीतल्या मास्तरांनी काय केलं माहितीये? ॲस्पिरिनची गोळी सरळ हिरडीवर ठेवून झोपले. सकाळी बघतात तर हिरडी पांढरीफटक, सालपटं निघालेली. दाढ दुखत होती ती होतीच, वर गाल पोळला. गोळी गिळायची असते, हे गणित शिकवणाऱ्या माणसाला कळू नये!"

"काकू, माझी आई फोनवर म्हणत होती, दाढ काढली की नजर कमी होते."

"कुठली दाढ म्हणालीस, खालची ना? मग आईला सांग, डोळे वर असतात."

"हसवू नका हो, दुखतंय."

"अगं, वरची असली तरी काही होत नाही. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. आमच्या वन्संनी वरच्या दाढा काढल्या. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मोतीबिंदू झाला, तरी अजून सांगत सुटल्यात, दाढांनी माझी नजर नेली. पंचाहत्तरीत मोतीबिंदू नाही होणार तर काय दुधाचे दात येणार? बरं, तुला बीपी, शुगर काही?"

"मला नाही. पण मामंजींनाही बरोबर न्यायचंय. त्यांचे पुढचे दोन दात हलतायत. ते तर तयारीलाही लागले. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या कालपासून बंद केल्यात त्यांनी."

"काय? कुणी सांगितलं बंद करायला?"

"सकाळच्या फिरण्यातल्या कुणीतरी. दात काढताना रक्त थांबत नाही म्हणे."

"अगं बाई, त्यांना मागच्या दिवाळीतच ना स्टेंट घातला? आत्ताच्या आत्ता त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन लाव. अशा गोळ्या आपल्या मनानं एक दिवससुद्धा सोडायच्या नाहीत. दात काढल्यावर रक्त जरा जास्त वेळ वाहील, बस. बोळा दाबून धरता येतो, टाका घालता येतो. पण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तिथं कुठला बोळा दाबणार? गोळी चालू ठेवायची की थांबवायची, ते दोन्ही डॉक्टरांनी आपसात ठरवायचं. बागेतल्या बाकावर नाही ठरवायचं."

"लावते हो, लगेच लावते."

"लाव. मी आहे इथंच."

(शैला आत गेली. काकू जास्वंदीची पिवळी पानं तोडत थांबल्या. खरं सांगायचं तर त्या कॉलनीत कुणाच्याही घरच्या बातमीसाठी अशाच थांबतात. पण आज त्यांच्या चेहऱ्यावर बातमीची भूक नव्हती.)

"लागला फोन. गोळ्या लगेच सुरू करा म्हणाले. दाताच्या डॉक्टरांना माझ्याशी बोलायला सांगा, मग बघू. मामंजींचे दात सध्या राहू देत."

"शाब्बास. नेशील तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच उचलून ने. नावं पाठ करत बसू नकोस. आणि तुझ्या सासूबाईंना हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही देतात ना? आठवड्याची गोळी असो की वर्षाचं इंजेक्शन, त्यांचा दात काढायची वेळ आली तर तेही आधी सांगायचं. त्या औषधांवर असताना क्वचित कुणाकुणाचं जबड्याचं हाड भरून येत नाही."

"दाताला इतकं असतं?"

"दात तोंडात असला तरी तोंड अंगालाच जोडलेलं आहे ना! बरं, परवा उपाशी जाऊ नकोस."

"मला वाटलं, भूल देणार म्हणजे उपाशीच."

"ती ऑपरेशनची भूल. इथं तेवढी जागाच बधिर करतात. पोटभर जेवून जा. नंतर दोन-तीन तास ओठ, जीभ, अर्धा गाल आपला नसल्यासारखा असतो. तेव्हा जेवायला बसलीस तर स्वतःचा ओठ चावशील आणि कळणारही नाही. इंजेक्शनानंतर जरा छाती धडधडली तर घाबरू नकोस, औषधानं होतं तसं कधीकधी, मिनिटभरात थांबतं."

"आणि काढताना?"

"टोचताना कळेल. नंतर दुखत नाही, पण दाबल्याचं कळतं. त्यालाच लोक दुखणं समजून खुर्चीतून उठतात. खरंच दुखलं तर हात वर कर, ते आणखी औषध देतील. गोठ्यातला खुंटा काढताना बघितलायस? ओढून नाही निघत. इकडं हलव, तिकडं हलव, जागेवर ढिला करायचा. तसंच करतात. करकर आवाज येतो तो मात्र डोक्यात घुमतो. बाहेर बसलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही, आपल्याला वाटतं जबडा फुटला."

"काकू, तुम्ही धीर देताय की घाबरवताय?"

"आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. पुढचं ऐक, खरं महत्त्वाचं ते आहे. बोळा देतील, तो अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. दर दोन मिनिटांनी काढून बघायचा नाही. आणि थुंकायचं नाही."

"अजिबात?"

"त्या दिवशी अजिबात नाही. लाळ गिळायची. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं की तांब्याभर वाटतं, म्हणून माणूस थुंकत सुटतो. त्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच आतल्या हाडाचं पांघरूण. थुंकलीस, खळखळून चूळ भरलीस, स्ट्रॉनं सरबत ओढलंस की गाठ निसटते. म्हणून गरम चहा नको. गार दूधभात खा, आइस्क्रीम चमच्यानं खा. गालावरून बर्फ फिरव. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून हळूच चूळ. सूज दोन-तीन दिवस वाढली तरी चालते, मग उतरायला हवी. ताप आला, तोंड उघडेना, किंवा दाबूनही रक्त थांबेना, तर मला विचारायला येऊ नकोस. डॉक्टरांकडे जा."

"आणि गाठ निसटली तर काय होतं?"

"कोपऱ्यावरच्या आक्कांना विचार! दुपारी दाढ काढली, संध्याकाळी मिश्री लावली. म्हणे, एका बोटानं काय होतंय. तिसऱ्या दिवशी असा ठणका सुरू झाला की दाढ होती तेव्हा बरं होतं म्हणायची पाळी. कान, कानशील, सगळं धरलं. खड्डा कोरडा पडला होता, आतलं हाड उघडं. डॉक्टरांनी धुऊन औषधाची पट्टी भरली, तेव्हा कुठं झोप लागली. आणि बाई सगळीकडे सांगतायत काय, तर डॉक्टरनं मूळ आत ठेवलं!"

"अजून लावतात मिश्री?"

"लावतात म्हणजे! तंबाखू सोडतात वाटलं का तुला?"

"खर्चाचं काय हो काकू? दाढ काढायचं एक झालं, पण तिथं पुढं दुसरी बसवायची म्हणजे... हे म्हणतात, आतली दाढ कुणाला दिसतीये."

"त्यांना म्हणावं, बघायला नाही, चावायला लागते. जागा तशीच ठेवली की शेजारच्या दाढा त्या बाजूला कलतात, वरची खाली उतरते, मग घास नीट चावला जात नाही. आधी हिरडी भरू दे. आतलं हाड भरायला चार-सहा महिने जातात, तोवर पैसे साठव. ब्रिज की इम्प्लांट, ते मग विचार. फार झालं तर आपलं कराड काय लांब नाही. मलकापूरला कृष्णाचं डेंटल कॉलेज आहे. शिकणारी मुलं करतात, पण मागं सर उभे असतात. वेळ मात्र लागतो, विणकाम घेऊन जा."

"सासूबाई म्हणाल्या, काढलेली दाढ मागून आण, कौलावर टाकू."

"ते दुधाच्या दाताचं, अगं. आणि आता कौलं कुठायत? वर स्लॅब आहे, टाकीत पडायची... शू, हळू बोल. आक्काच येतायत. काय आक्का, बरं आहे का आता?"

"बरं आहे की. काय गं शैला, दाढ धरलीय होय? थांब, घरनं मिश्री आणून देते. एक बोट लाव, ठणका जातोय का नाही बघ."