बोया बोलला, जिल्हा हलला

रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथेच, कोर्लईसमोर, ६ जुलै २०२५ च्या रात्री संशयित पाकिस्तानी बोट आल्याची वर्दी आली आणि जिल्ह्याची झोप उडाली. पोलीस, तटरक्षक दल, नौदल, बॉम्बशोधक पथक, नाकाबंदी. सगळं भर पावसात. पेण-रोह्याच्या टपऱ्यांवर तर चहाबरोबर युद्धच सुरू झालं. आणि निघालं काय? वाहत आलेला मासेमारीच्या जाळ्याचा बोया. वर जीपीएसचं यंत्र!

यंत्रणा धावली, ते बरोबरच. नसती धावली तर आपणच तिची सालटी काढली असती. खोट आहे ती अशा यंत्राच्या बिनतारी बोलण्यावर आंधळा विश्वास ठेवण्यात. समुद्रात जहाजं ‘एआयएस’ या स्वयंचलित रेडिओ यंत्रणेवरून आपली ओळख सांगतात, हल्ली जाळ्यांचे बोयेही सांगतात. नऊ आकडी क्रमांक, बोटींसाठी पहिले तीन आकडे देशाचे: भारत ४१९, पाकिस्तान ४६३. हा क्रमांक यंत्रात कोण भरतं? ज्याच्या हाती यंत्र, तो. संदेशाला ना कुलूप, ना सही. उद्या खरी बोट ‘मी गरीब बोया’ म्हणाली, तर?

बरं, बोटीवरच्या पाटीवर विसंबण्याची किंमत आपण मोजली आहे. २००८ मध्ये अतिरेकी मुंबईच्या तोंडाशी आले ते पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीतून. बोट अस्सल भारतीय, आतली माणसं नव्हेत.

हा रोग फक्त समुद्राचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडात कुणीतरी रेडिओवर तीन सूर वाजवले आणि वीसेक रेल्वेगाड्या जागीच थांबल्या. गाडी थांबवायचा आदेश जुन्या, उघड्या रेडिओवर होता. साध्या सेटवरून कुणीही द्यावा.

उपाय ठाऊक आहेत. प्रत्येक संदेशावर गुप्त किल्लीची डिजिटल सही हवी. सोबत वेळेचा शिक्का हवा, म्हणजे कालचा संदेश टेप करून आज वाजवता येणार नाही. आणि एआयएस सांगतं ते रडारला दिसतंय का, लहरी नेमक्या कुठून येताहेत, हे ताडून पाहायला हवं. पण सही जगभरच्या यंत्रांत एकदम बसणार नाही; ताडून पाहणं आजपासून जमतं.

तोवर नाखवांनो, स्वस्त मिळालं म्हणून बिनपरवान्याचं यंत्र जाळ्याला बांधू नका. आणि समुद्रात काही वावगं दिसलं तर सागरी पोलिसांचा १०९३ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ फिरवा. यंत्र खोटं बोलेल, तुमचे डोळे नाहीत.