हयातीचा पुरावा

माणूस जिवंत आहे की नाही, हे पूर्वी शेजारीपाजारी सांगत. त्यात आपपरभाव फार. २०१४च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ आणले आणि विषय शास्त्रशुद्ध झाला. पेन्शनरने दर वर्षी यंत्रावर बोट ठेवायचे, यंत्राने कौल द्यायचा.

आमच्या अण्णांची बोटे खडूने झिजलेली. यंत्राने सहा वेळा नकार दिला. “आजोबा, तुम्ही जुळत नाही,” काउंटरवरचा मुलगा अदबीने म्हणाला. अण्णा कडाडले. ते ग्राह्य धरले गेले नाही, आणि योग्यच झाले. रागावणे हे हयातीचे लक्षण असल्याचे परिपत्रक अद्याप निघालेले नाही. (निघाले तर आमच्या वाड्यात कुणाचीच पेन्शन अडणार नाही.)

शेवटी चेहरा दाखवायची सोय उपयोगी पडली. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते. अण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाला डोळा मारला नव्हता. शहात्तराव्या वर्षी थेट सरकारला मारला. दाखला तत्काळ मंजूर.

हीच शिस्त वैकुंठ स्मशानभूमीतही यावी. ओटीपीशिवाय सरण पेटू नये.

अण्णा हयात असल्याचा संदेश नोंदवलेल्या मोबाइलवर आला. तो नंबर माईचा. माई जाऊन तीन वर्षे झाली. रिचार्ज मात्र आम्ही चुकू देत नाही.