आमना मोत्या चावत नही

नंदुरबारकडच्या कोरीटला कुणाच्या ओट्यावर चढायचं तर आधी कुत्र्याची परवानगी लागते, आणि कुत्र्याच्या वतीने बोलायला आप्पा बसलेलेच असतात. आप्पा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे; गल्लीगणिक एक सापडतो. "या बिनधास्त, आमना मोत्या चावत नही," असं खाटेवरून न उठता सांगायचं, ही त्यांची ओळख. तोवर मोत्याने पाहुण्याच्या पायजम्याचं माप घेतलेलं असतं.

जीव मात्र मोत्यावर फार. शेवभाजीचा रस्सा पहिला त्याच्या ताटलीत. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात म्हणावं, तर उत्तर येतं, "पण त्याले आवडस!" गोचीड झाले की कपाशीवर मारून उरलेलं औषध अंदाजाने पाण्यात कालवून अंगाला चोळायचं. तुडतुडे मरतात तर गोचीड का मरणार नाहीत, हा हिशेब. कुत्रं अंग चाटतं, हे हिशेबात धरलेलं नाही. मोत्या तोंडाला फेस आणून आडवा पडला, की नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळतात.

मिरचीवर आप्पांचा भरवसाच दांडगा. नंदुरबारची बाजारपेठ मिरचीची. मग कुणाला कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरणं ओघानेच आलं. माणूस जितका बोंबलेल तितकं औषध लागू! साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची आणि तडक दवाखान्यात जाऊन लस घ्यायची, हा उपाय इतका बिनबोभाट आहे की आप्पांना त्यात दम वाटत नाही. पाश्चरची रेबीजची लस १८८५ साली कुत्रं चावलेल्या पोराला टोचली गेली. पण लक्षणं दिसू लागल्यावर हमखास वाचवील असं औषध आजही नाही. त्यावर आप्पांचा पुरावा तयार: "आमना आज्याले चावनं व्हतं, काय झायं?" ते कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, त्याचं श्रेय मिरची तीन पिढ्या खाते आहे.

बरं, आप्पा अडाणीही नाहीत. बैलांची लाळ-खुरकुताची लस कधी चुकत नाही, फवारणीचा दिवस टळत नाही. मोत्याचं नाव काढलं की मात्र, "कुत्राले काय सुई!" पिल्लू ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, अधूनमधून जंताचं औषध, एवढंच तर काम. पण बैल राबतो, मोत्या नुसता भुंकतो.

शेवटी मोत्याच्या सुईसाठी नातीने जेवणच सोडलं, तेव्हा आप्पांनी मोत्याला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तोंड बांधायला पट्टी मागवली. आप्पा दुखावले. "काही गरज नही, आमना मोत्या चावत नही," म्हणाले. साखळी कंपाउंडरच्या हातात दिली आणि स्वतः बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.