माश्यांच्या खात्यावर

मला मधुमेह आहे आणि मी मधमाश्या पाळतो. ही दोन वाक्यं मी पाहुण्यांना वेगवेगळ्या दिवशी सांगतो. सौ. मात्र ती एका दमात सांगते आणि मग साखरेच्या डब्याकडे बघते.

तिच्या हिशोबाच्या वहीत जुलैच्या पानावर नोंद आहे : माश्यांना साखर, ३ किलो ५०० ग्रॅम. इथं माझं ज्ञानच माझ्या मुळावर आलं. पावसाळ्यात सातेरी या देशी माशीच्या एका वसाहतीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर पुरते, हे तिला मीच मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. पेट्या दोन, आठवडे चार. म्हणजे १ किलो ६०० ग्रॅम. उरलेली १ किलो ९०० ग्रॅम कोणत्या माशीनं खाल्ली, एवढाच तिचा साधा प्रश्न. मी म्हणालो, "पाऊस फार होता." ती म्हणाली, "हो ना, चहाही फार झाला."

पावसाबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. उन्हाळा आमच्या इटियाडोह धरणाकाठच्या माश्यांना जड जात नाही. करंज आणि जांभूळ मोहरतात, जंगलात काही ना काही फुलत असतं. मग मृग बरसतो, धरणाभोवतीचे डोंगर हिरवे होतात आणि नागपूरकडचे पाहुणे भिंतीवर उभे राहून "काय निसर्ग!" म्हणतात. माशीच्या हिशोबी तो दुष्काळ असतो. जिकडे बघावं तिकडे धानाच्या बांधी, आणि धानाच्या लोंबीत मकरंदाचा थेंब नसतो. बाकी जे फुलतं ते सरीवर सर धुऊन नेते. अशा दिवसांत सातेरी उपाशी राहिली तर तक्रार करत नाही, सरळ घर सोडून निघून जाते. म्हणून पाक.

पाक म्हणजे जिलबीचा नव्हे. जेवढी साखर तेवढंच पाणी. पाणी उकळायचं, खाली उतरवायचं, मग साखर विरघळवायची. भांडं आचेवर ठेवून करपवायचं नाही. गुळाचा प्रयोग मी पहिल्या वर्षी केला, देशी म्हणून. माश्यांना हगवण लागली. देशी माश्यांनाही देशी गूळ पचत नाही, हे कुठं बोलायची सोय नाही. पाक थंड झाला की दिवस मावळताना पेटीच्या आत ठेवायचा, त्यात काड्या टाकायच्या, नाही तर माश्या बुडून मरतात. दिवसाढवळ्या ठेवला किंवा बाहेर सांडला, तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि दारात मारामारी होते. कमकुवत वसाहतीचं दार लहान करायचं. दर आठवड्याला तळपाट झाडायचा. त्या कचऱ्यात मेणकिडा वाढतो. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. या वाट्यांवरून डासांची पाहणी करायला आलेल्या आशाताईंनी मला दारातच पकडलं. "काकाजी, हे साचलेलं पाणी कोणाचं जी?" मी म्हणालो, मुंग्यांसाठी आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर मी वाट्या रोज रिकाम्या करून भरतो.

माझ्या तोऱ्याचं मूळ जवळच आहे. इथून थोड्या अंतरावर नवेगावबांध. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथं राहून गेले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पुण्याईनं आमच्या भागात कोणी झाडाखाली दोन मिनिटं गप्प उभा राहिला, तरी लोक त्याला अभ्यासक समजतात. मी या सवलतीचा भरपूर फायदा घेतला. मच्छरदाणी शिवलेली टोपी घालून अंगणात फिरायचं, धुरांडं हातात, आणि कोणी विचारलं की म्हणायचं, "आत्ता बोलू नका, वसाहत अस्वस्थ आहे." एकदा अर्जुनीहून आलेल्या दोन पाहुण्यांसमोर मी टोपी न घालता पेटी उघडली. जेवणात दोन केळी खाल्ली होती. माशीनं डंख मारताना जो इशाऱ्याचा वास सुटतो त्यातला मुख्य घटक केळ्याच्या वासातही असतो, हे मला माहीत होतं. पुढचे तीन दिवस माझं नाक पाहून लोक वसाहतीऐवजी माझी विचारपूस करत होते.

पेटी उघडल्यावर पाहुण्यांना एकच गोष्ट हवी असते : राणी. आणि राणी म्हटलं की मला झाडीपट्टीचं नाटक आठवतं. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, वडशाच्या कंपन्या निघतात आणि रात्रभर नाटक चालतं. भोंग्यावर नायिकेचं नाव दुपारपासून गाजतं. ती येते रात्री एक वाजता, तोवर विनोदी नट दोनदा येऊन जातो आणि निम्मी पोरं सतरंजीवर झोपलेली असतात. पेटीतली राणीही तशीच. चौकटीमागून चौकट उचला, हजार कामकरी दिसतील, बाई प्रकाशाला पाठ करून पलीकडे सरकतात. शहाण्यानं हट्ट करू नये. खोलग्यात उभं अंडं दिसलं की समजायचं, राणी परवापर्यंत तरी प्रयोगाला हजर होती. कारण अंडं तीन दिवसांत फुटतं. विषय निघालाच आहे तर सांगतो, मीही एकदा अशा नाटकात होतो. पहारेकरी. एकच वाक्य होतं : "महाराज, शत्रू वेशीवर आला आहे." महिनाभर मी ते बांधीत, बैलासमोर, विहिरीत तोंड घालून म्हटलं. प्रयोगाच्या रात्री भाला घेऊन गेलो, समोर माणसांचा समुद्र पाहिला आणि म्हणालो, "महाराज, मी आलो आहे." महाराजांनी प्रसंग सावरला, पण शत्रूला त्या रात्री कोणी आत घेतलं नाही. पेटीच्या दारावरची पहारेकरी माशी पाहिली की मला अजून लाज वाटते. जेमतेम काही आठवड्यांचं आयुष्य तिचं, पण वाक्य कधी चुकत नाही.

"साखर चारता, मग मध कसला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो आणि मी दर वेळी चिडतो. फुलोरा सुरू झाला की पाक बंद, आणि त्यानंतरच वर मधकोठी चढते, एवढं साधं उत्तर आहे. पण मी ते चाळीस मिनिटं देतो. तोवर विचारणारा काडीनं मध पेटवून बघत असतो.

गेल्या नोव्हेंबरात मात्र उत्तर द्यायला तोंड राहिलं नाही. धुऱ्यावरची तूर पिवळी झाली होती. पाक बंद झाला, माश्या पहाटेपासून तुरीवर. सकाळी दहाला मी टोपी घालून ऐटीत बाहेर आलो तर पेटीच्या उंबऱ्यावर चटई अंथरल्यासारख्या माश्या पडलेल्या. काही अजून गोल गोल फिरत होत्या. कोणाच्या शेतात फवारणी झाली असेल, या विचारानं मी चार घरांकडे तावातावानं बघून घेतलं. गडी पंप धुत होता. "आपलीच न जी, काकाजी. शेंगेची अळी लागते म्हणून तुमीच म्हणाले, सकाळी उरकून टाक."

मीच म्हणालो होतो. औषधाचे पैसेही मीच दिले होते. चार महिने संध्याकाळी काड्या टाकून पाक ठेवायचा आणि पाचव्या महिन्यात, फुलं उमललेली असताना, सकाळी आठला फवारायला सांगायचं. पुस्तकात लिहिलेलं होतं की फवारणी माश्या परतल्यावर, दिवस मावळताना करावी. ते पान मी पाहुण्यांना वाचून दाखवलं होतं. मी सुपलीत माश्या भरल्या. सुपली जड लागली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता गडी अंधार पडायच्या वेळी फवारतो आणि साप निघाला तर जबाबदारी कोणाची, हे रोज विचारतो.

माश्या मेल्या त्या संध्याकाळी सौ.नं न मागता डबा खाली काढला. एका पेटीत अंडी होती, माश्या थोड्याच उरल्या होत्या. त्यांना काही दिवस हात द्यावा लागणार होता. तिनं वाटी मोजून साखर घेतली, पाक केला, काड्याही तिनंच टाकल्या. मग माझ्यासमोर चहा ठेवला. एक घोट घेतला आणि मी वर पाहिलं. अर्धा चमचा असावी. ती वही उघडून बसली होती. नोंद माश्यांच्या खात्यावर केली.