पोर्शचं लेखापरीक्षण

न्यू जर्सीत मराठी माणसाने कोणती गाडी घ्यायची हे ठरलेलं आहे. ती जपानी असते, करड्या रंगाची असते आणि तिच्या डिकीत कायम वीस पौंडी कणकेची पिशवी असते. मी २००१ सालची पोर्श बॉक्स्टर घेतली. दोनच सीटा, कापडी छत. तिचा आधीचा मालक दंतवैद्य होता. "रविवारी सकाळी चर्चला जाण्यापुरती काढायचो," असं म्हणून तो सगळे दात दाखवून हसला होता.

त्याच सुमारास सासरे सोलापूरहून आमच्याकडे आले. अप्पा जिल्हा परिषदेतून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मी मोठ्या थाटात पुढचं झाकण उघडलं. आत डिकी. मागचं उघडलं. आत पुन्हा डिकी. अप्पांनी दोन्हींत वाकून पाहिलं आणि विचारलं, "जावईबापू, इंजिनाची पावती तरी आहे ना?"

इंजिन असतं, पण सीटांच्या मागे, मधोमध, झाकलेलं. मागच्या डिकीत तेल आणि पाणी घालायची दोन तोंडं तेवढी दिसतात. देव गाभाऱ्यात, आपण बाहेरून अभिषेक करायचा.

मग एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आमच्या राज्यात दर दोन वर्षांनी गाडी तपासायला न्यावी लागते. २०१० पासून खाजगी गाड्यांचे ब्रेक वगैरे कोणी बघत नाही, प्रदूषणापुरतीच तपासणी होते. तीही धूर हुंगून नव्हे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खोबण असते. तिथे वायर लावून थेट गाडीच्या संगणकालाच विचारतात, बाबा रे, कसं काय? पिवळा दिवा पेटलेला असेल तर नापास.

मेकॅनिक नुसता लॅपटॉप लावायचेच दीडशे डॉलर मागत होता. लॅपटॉप तर माझ्याकडेही होता. मी अकरा डॉलरची वायर मागवली.

जुन्या गाडीशी लॅपटॉपचं बोलणं जुळवणं हे लग्न जुळवण्यासारखं आहे. घाई चालत नाही. आधी लॅपटॉपने गाडीला साद घालायची, ती सेकंदाला पाच बिट या वेगाने. म्हणजे एका अक्षराला पूर्ण दोन सेकंद. आमच्या गावचे तारमास्तर डुलकी घेत घेत याहून जलद तार पाठवायचे. साद असते ००११००११. गाडीला ती पटली, तर ती एकदम दोन हजार पट वेगाने ०१०१०१०१ म्हणते आणि मागोमाग खुणेची दोन अक्षरं देते. त्यातलं दुसरं लॅपटॉपने उलटं करून परत द्यायचं. शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य. मग गाडीही मूळ साद उलटी करून देते: ११००११००. "आम्हाला काही नको," हे वाक्य उलटं करून वाचायची अक्कल ज्याला आहे, त्याच्याशीच पुढची बोलणी.

माझी बोलणी सादेपाशीच अडली. तीन संध्याकाळी मी स्टिअरिंगखाली डोकं आणि सीटच्या पाठीवर पाय अशा अवस्थेत काढल्या. कुत्रं फिरवणाऱ्या शेजारीणबाईंनी दुसऱ्या दिवशी "योगा?" असं कौतुकाने विचारलं. तिसऱ्या रात्री कळलं की वायर लॅपटॉपच्या कॉम ३ या दारावर बसली आहे आणि सॉफ्टवेअर कॉम १ च्या दारात उभं राहून हाका मारतंय. ते जमवलं, तर वायरच मेली.

शेवटी एडिसन गावातल्या एका मित्राकडे गेलो. त्याच्याकडे खास पोर्शसाठीची वायर आणि सॉफ्टवेअर होतं. पण ते जन्मात तीनच गाड्यांना चालतं, चौथीला नाही. एक जागा त्याच्या गाडीने खाल्लेली, दुसरी त्याच्या मेहुण्याच्या. तिसरी मी मागितली तेव्हा मूत्रपिंड मागितल्यासारखा त्याचा चेहरा झाला. बायकोने पुरणपोळ्या पाठवल्या, तेव्हा व्यवहार झाला.

लॅपटॉप लावला. पहिल्याच फटक्यात पडद्यावर आलं: पी ०४५५. पेट्रोलच्या टाकीतून वाफ गळतेय, मोठ्या प्रमाणात. खाली उतरून पाहिलं, तर टाकीचं झाकण मीच नीट फिरवलं नव्हतं. टक टक असा आवाज येईपर्यंत फिरवायचं असतं.

दिवा पुसून टाकला. पण पुसला की गाडीने स्वतःच्या केलेल्या चाचण्याही पुसल्या जातात आणि २००१ सालच्या गाडीची एकाहून जास्त चाचणी अपुरी असली, तर तपासणीवाले परत पाठवतात. आठवडाभर गाडी फिरवणं आलं.

"म्हणजे झाकण न लावल्याची शिक्षा म्हणून तू अजून भटकणार?" बायको म्हणाली.

खरं तर गोष्ट इथेच संपायची. पण वायर रात्रीपर्यंत माझ्याकडे होती आणि सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक पान होतं. या गाडीचा संगणक चालकाची पापं लिहून ठेवतो. इंजिन लाल रेषेच्या वर गेलं की किती ठिणग्या त्या अवस्थेत पडल्या, याची मोजणी. खाती दोन. पहिलं खातं नुसत्या हौसेचं, पाय दाबून ठेवला की भरतं. दुसऱ्यात जायला पाय पुरत नाही, कारण त्याआधीच संगणक पेट्रोल तोडतो. दुसऱ्या खात्यात जातो तो फक्त भरवेगात चुकीचा खालचा गिअर टाकणारा. चाकंच मग इंजिनाला फरफटत नेतात.

पहिलं खातं: १,०८० ठिणग्या. दुसरं: ४८.

मला कोण आनंद झाला! "बघा, चर्चला जात होता म्हणे!" मी अप्पांना लॅपटॉप दाखवला. "सहा सिलिंडर, मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३६० ठिणग्या. हे सरळ तीन सेकंद झाले. आणि दुसरं खातं तर खूनच!"

अप्पांनी चष्मा लावला. पेन्सिल मागितली. "हा तिसरा रकाना कसला?"

"इंजिन किती तास चाललं असताना शेवटची नोंद झाली, त्याचा."

"दोन्हीकडे ३,१०९ आहे. आणि आजचे एकूण तास?"

"३,११८."

अप्पांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. गाडी ८७,३०० मैल चालली, भागिले तास, म्हणजे तासाला २८ मैल. कागदपत्रांनुसार मी ती ८४,००० ला घेतली. ३,३०० मैलांचे झाले ११८ तास. "म्हणजे ताबा घेतला तेव्हा साधारण तीन हजार तास झाले होते." पेन्सिल थांबली. "नऊ तासांपूर्वी गाडी कोणाकडे होती, जावईबापू?"

नऊ तास म्हणजे अडीचशे मैल. अडीचशे मैल म्हणजे तीन रविवारांपूर्वी, डेलावेअर वॉटर गॅपची सहल. तिसऱ्यातून चौथा टाकायचा होता, पडला दुसरा. गाडी किंचाळली, आम्ही दोघं काचेकडे फेकले गेलो. अवघा सेकंदाचा आठवा हिस्सा.

"तो खड्डा होता ना रे?" बायको शांतपणे म्हणाली. "तूच म्हणालास, खड्डा होता म्हणून. मी परत येताना शोधलासुद्धा."

अप्पांनी कागदावर पेन्सिलीने "आक्षेप क्र. १" असं लिहून अधोरेखित केलं आणि खुलाशासाठी माझ्याकडे दिला.

पुढच्या शनिवारी गाडी तपासणीत पास झाली. दोन खात्यांच्या नोंदी पुसायचं बटण त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. मी रात्री दीड वाजेपर्यंत शोधत होतो.