क्लेमकाका

दर सोसायटीत एक क्लेमकाका असतात. कुणी आजारी पडलं की बाकीचे लोक शहाळं घेऊन जातात, काका सूचना घेऊन जातात. "२४ तास भरल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. मूळ बिलं हातातून सोडू नका. समरीवर सही आणि शिक्का, दोन्ही हवेत." पेशंटला कसं वाटतंय, हे त्यांना जिना उतरताना आठवतं.

आमचे क्लेमकाका बँकेतून निवृत्त झालेले. मोतीबिंदूला २४ तासांची अट नाही, तो डे-केअरमध्ये बसतो, हे आख्ख्या बी विंगला त्यांनीच शिकवलं. विम्याच्या हप्त्यावरची करवजावट सुटू नये म्हणून ते अजून जुन्या करप्रणालीत ठाण मांडून आहेत. वर्षभर घरात कुणी आजारी पडलं नाही की नो-क्लेम बोनसवर समाधान मानतात, पण चेहरा पडलेलाच असतो. हप्ता भरायचा आणि काहीच परत घ्यायचं नाही, हे त्यांच्या रक्तात नाही.

अशा माणसाच्या नातीचे पुढचे दात बाहेर आले. डॉक्टरांनी तार लावायला सांगितली. दीड-दोन वर्षं, खर्च पन्नास हजारांच्या घरात. घरचे हबकले. काका मात्र खुलले. "पॉलिसी कशाला काढलीय मग?" म्हणत त्यांनी चष्मा आणि पिवळा मार्कर घेतला.

रात्री अकराला मार्कर थांबला. दातांचे उपचार अपघातामुळे ॲडमिट व्हावं लागलं तरच मिळणार होते. पुढे 'एक्सक्लूजन ०८': दिसणं बदलण्यासाठी केलेले उपचार वगळले. विमा नियामकाने २०१९ मध्ये या वगळण्यांची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी करून दिली, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या दारात जायचीही सोय उरली नाही. पण त्याच कलमात अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांना सूट होती. शेवटचे दोन काकांनी लगेच सोडून दिले. माणूस वाईट नाही हो.

सकाळी नातीला समोर बसवलं.

"तू लहानपणी झोपाळ्यावरून पडली होतीस ना गं?"

"आजोबा, तो दादा पडला होता."

दादाचे दात ओळीने सरळ! काका दिवसभर त्याच्याशी धड बोलले नाहीत.

कलमात आणखी एक फट होती: आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर विचार होतो. काका फाइल घेऊन दवाखान्यात. "डॉक्टर, धोका लिहा." डॉक्टर तरुण पण सरळ. म्हणाले, "पेरू चावताना त्रास होतो, एवढं लिहू शकतो."

"मग एक दिवस ॲडमिट करा."

"काका, तार खुर्चीत बसवून लावतात. खाटच नाही माझ्याकडे."

जावयाच्या कंपनीच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर निघालं तेव्हा काकांनी पेढे आणायचंच बाकी ठेवलं होतं. त्यात दात साफ करणं होतं, दात काढणं होतं, रूट कॅनलसुद्धा होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: ऑर्थोडॉन्टिक उपचार वगळून. "म्हणजे उपटून टाकले तर पैसे देतील, सरळ केले तर नाही!" काका गॅलरीत येऊन म्हणाले, ते सी विंगपर्यंत ऐकू गेलं. खरं सांगायचं तर या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा आहे.

विमा लोकपालांकडे जायचंही त्यांच्या मनात होतं, कार्यालय पुण्यातच आहे. पण आधी कंपनीने नकार द्यायला हवा आणि नकारासाठी क्लेम टाकायला हवा. शेवटी मुलीने परस्पर हप्ते ठरवून टाकले आणि तार बसली. आता काका दर महिन्याला नातीसोबत जातात आणि पावती जपून फाइलला लावतात. कशासाठी, ते कुणी विचारत नाही.

परवा डॉक्टर सहज म्हणाले, तार काढल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर लावावा लागेल. काकांनी खिशातून पेन काढलं.

"हा पोस्ट-हॉस्पिटलायझेशनमध्ये बसतो का हो?"