पिकअप गेला कुठे? तुर्भ्यातील स्पोर्ट्‌स कारमालकांसाठी निदानपद्धती

अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे जात नसेल, तर तुर्भ्यातील कारमालकाने सर्वप्रथम समोरच्या काचेतून बाहेर पाहावे. पुढे कांद्याचा ट्रक उभा असल्यास निदान पूर्ण झाले, बॉनेट उघडू नये. एपीएमसीकडे वळणाऱ्या रांगेत पाचशे अश्वशक्तीचे इंजिन आणि शेजारचा हातगाडीवाला यांचा वेग सारखाच असतो. हापूसच्या मोसमात तर हातगाडीवाला पुढे जातो. मोकळा रस्ता हवा म्हणून पाम बीच रोड गाठायला हरकत नाही, फक्त तिथले कॅमेरे लक्षात ठेवावेत. निदानाचा खर्च चलनाने सुरू होऊ नये.

ट्रक नसेल, तर खाली वाकावे. हौसेने टाकलेले जाड मॅट पेडलखाली सरकले की पेडल तळापर्यंत जातच नाही. मॅट जागेवर असेल, तर घरातल्या कुणी कौतुकाने बटण दाबून गाडी ‘इको’वर टाकली आहे का, याची चौकशी करावी. चौकशी सौम्य शब्दांत असावी.

आता आरपीएमचा काटा पाहावा. वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर काटा झपकन वर जातो आणि गाडी मात्र आपल्याच चालीने चालते, असे असेल तर क्लच प्लेट घसरते आहे. तो खर्च वेगळा आणि दुःखही वेगळे. काटाच रेंगाळत चढत असेल, तरच पुढे वाचावे.

टर्बो असल्यास पाय दाबणे आणि पाठीला धक्का बसणे यांत थोडा वेळ जातोच. एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरेपर्यंत थांबावे लागते. हा त्या इंजिनाचा स्वभाव आहे. डीसी अवंती या देशी स्पोर्ट्‌स कारमध्येही रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिनच होते, त्यामुळे स्वदेशीचा मुद्दा इथे कामाचा नाही. मात्र हा विलंब अलीकडेच वाढला असेल आणि रेस देताना ‘फुस्स’ असा आवाज येत असेल, तर इंटरकूलरच्या होजचा क्लॅम्प ढिला झाला आहे का ते पाहावे.

तुर्भ्यात एअर फिल्टर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. फिल्टर काढून वर्तमानपत्रावर आपटावा. राखाडी पूड पडली, तर ती डोंगराकडच्या दगडी धुळीची. लालसर पडली आणि शिंका आल्या, तर गाडी मसाला मार्केटजवळ उभी राहते. दोन्ही बाबतींत फिल्टर नवा घालावा. इथे काही उत्साही मंडळी तेल लावायचा ‘परफॉर्मन्स’ फिल्टर बसवतात आणि त्याला सढळ हाताने तेल पाजतात. ते तेल उडून एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसते. मग सेन्सर आत येणारी हवा कमी सांगतो, त्या हिशोबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी सोडतो, आणि एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे गणित बिघडते. पिकअप वाढवायला आणलेल्या वस्तूनेच पिकअप गेला, हे कुणी उघडपणे सांगत नाही. तो सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने साफ करावा. कार्ब्युरेटरचा क्लीनर आणि बनियनचा तुकडा, दोन्ही वर्ज्य.

आजच्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत वायर ओढलेली नसते. पेडल फक्त विनंती करते, निर्णय ईसीयूचा. थ्रॉटलवर दोन सेन्सर असतात आणि त्यांची जबानी जुळली नाही, तर ईसीयू दोघांनाही खोटे ठरवून गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे कशीबशी घरी पोचण्यापुरत्या ताकदीवर, टाकतो. म्हणून स्कॅनर लावावा. पी२१३५ आला, तर हेच भांडण. पी०२९९ आला, तर टर्बोचे प्रेशर कमी. थ्रॉटलच्या पाकळीवर कार्बन असेल तर साफ करावा, पण इग्निशन चालू असताना तिथे बोट घालू नये. मागे मोटर असते आणि तिला बोट ओळखता येत नाही. सफाईनंतर स्कॅनरनेच थ्रॉटलचे रीलर्न करून घ्यावे.

स्कॅनर लावण्याआधीच मिस्त्री म्हणतील, “साहेब, पेट्रोल खराब आलंय.” इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा थोडी कमी मिळते हे खरे. पण काल पळणारी गाडी त्याच पंपाच्या पेट्रोलवर आज ढिम्म असेल, तर इथेनॉलला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल तपासायला सांगावे, मग फ्युएल पंपाचे प्रेशर.

क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. पहिल्याच वाक्यात “टर्बो उतरवावा लागेल” म्हणणाऱ्या गॅरेजमधून उरलेल्या पिकअपवर गाडी तडक बाहेर काढावी.